तिकिटाआधी कागद

जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक निकाल दिला. वर्तमानपत्रांत त्याची बातमी एक-दोन दिवस आली आणि गेली. आपल्या वाचकांनी मात्र ती जपून ठेवावी अशी आहे.

भारतात राहणाऱ्या एका जोडप्याला नात्यातलं एक मूल दत्तक घ्यायचं होतं. मूल २०१९ साली अमेरिकेत जन्मलेलं, म्हणून जन्मानेच अमेरिकेचं नागरिक. काही महिन्यांचं असताना या जोडप्याने त्याला भारतात आणलं आणि ते त्यांच्याच घरात वाढलं. जन्मदात्यांची तक्रार नव्हती, वाढवणाऱ्यांचं प्रेम कमी नव्हतं. पण दत्तकाची नोंद करायला हे जोडपं 'कारा'कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे गेलं, तेव्हा काराने नोंदणी नाकारली. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांच्या खंडपीठानेही त्यांना दिलासा दिला नाही. खंडपीठाने सांगितलं की अमेरिकेचं नागरिक असलेलं मूल दत्तक घेणं हा भारतीय माणसाचा मूलभूत अधिकार नाही, मग ते मूल भारतीय आईबापांच्या पोटचं असलं तरी. परदेशी नागरिकत्व असलेल्या मुलाला आपला बाल न्याय कायदा लागू होतो तो ते मूल काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं असेल किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेलं असेल तरच. या मुलाला तर दोन-दोन घरं होती. तेव्हा आधी अमेरिकेत तिथल्या कायद्याने दत्तक घ्या आणि मग दत्तक मूल भारतात आणण्याची प्रक्रिया करा, हाच मार्ग उरला.

म्हणजे जे काम २०१९ साली विमानात बसण्याआधी व्हायला हवं होतं, ते सहा वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर आलं.

हे प्रकरण आपल्या समाजातलं नाही. तरीही ते रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या मुसलमान तरुणांसमोर मांडावंसं वाटतं, कारण आपल्या मोहल्ल्यांत अशी मुलं वाढताना आपण सगळेच पाहतो.

मुरूड, आगरदांडा, श्रीवर्धन, बोर्ली पंचतन, म्हसळा, गोरेगाव. यातल्या कुठल्याही गावात एका गल्लीत उभे राहा आणि घराघरातला कमावता माणूस कुठे आहे ते विचारा. कुवेत, सौदी, दुबई, कतार ही उत्तरं येतील. काही घरांचं नातं आजोबा-पणजोबांपासून केपटाउनशी आहे, काहींचं इंग्लंडशी. जिथे घर दोन देशांत विभागलेलं असतं तिथे मुलंही दोन देशांत विभागली जातात. बहिणीला मूल नाही म्हणून भावाने आपलं तिसरं तिच्या गोदीत दिलं. तिकडे आई दगावली म्हणून नानीने बाळ इकडे आणलं. नोकरी गेली, नवराबायकोचं पटेनासं झालं, म्हणून मूल मामूकडे राहिलं ते राहिलंच. आपल्याकडे याला कुणी 'दत्तक' म्हणत नाही. 'खालाकडे वाढतोय' एवढ्यावर विषय संपतो.

या रिवाजाची टिंगल करण्याचं काहीच कारण नाही. अनाथालयाच्या दारात जाण्याची वेळ न येता मुलं घरच्या घरात सांभाळली जातात, ही या किनाऱ्याची मिळकत आहे. प्रश्न एवढाच की घरात नोंद एक आणि सरकारदरबारी दुसरी, असं किती वर्षं चालतं? माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. एकाच माणसाची नोंद दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी असेल, तर यंत्रणा कधी ना कधी अडते, आणि अडते ती नेमकी घाईच्या दिवशी. मुलाच्या बाबतीत घाईचे दिवस ठरलेले असतात. शाळेच्या दाखल्याचा दिवस. ऑपरेशनच्या कागदावर पालकाची सही मागितली जाते तो दिवस. वाढवणारा बाप अचानक जातो आणि वाटणीला चुलते बसतात तो दिवस. आणि पासपोर्ट संपतो तो दिवस. लहान मुलाचा पासपोर्ट बहुतेक देशांत पाच वर्षांचाच असतो, भारताचाही. नूतनीकरणाच्या अर्जावर आईबापांच्या सह्या लागतात, आणि तिथे आईबाप म्हणजे कागदावरचे आईबाप. 'आमच्या बहिणीचंच आहे' हे उत्तर त्या खिडकीवर चालत नाही.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही की मूल कुठे जन्मलं यापेक्षा त्याच्या हातात पासपोर्ट कोणता आहे, हे महत्त्वाचं. त्यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो.

आखाती देशांत जन्माने नागरिकत्व मिळत नाही. कुवेतमध्ये भारतीय आईबापांना झालेलं मूल तिथल्या भारतीय दूतावासात वर्षाच्या आत नोंदवलं की ते भारताचं नागरिक. असं मूल गावातल्या खालाला, चाचाला किंवा आजी-आजोबांना द्यायचं असेल, तर भारतातला 'नात्यातला दत्तक' हा मार्ग आहे. बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये नातेवाईक म्हणजे काका-आत्या, मामा-मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. या कलमात धर्माची अट नाही. काराच्या संकेतस्थळावर नोंदणी, जन्मदात्यांची लेखी संमती, मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याची स्वतःची संमती, आणि मग आदेश. २०२१ च्या दुरुस्तीने हा आदेश देण्याचं काम १ सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे दिलं आहे. अर्ज दोन महिन्यांत निकाली काढावा असं कायदा सांगतो. रायगडकरांसाठी पत्ता अलिबागचा आहे. तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षापासून सुरुवात करायची. मूल परत आखातात जाण्याआधीच्या सुट्टीत हे काम हाती घेता येतं.

दुसरी परिस्थिती अवघड. मूल अमेरिका, ब्रिटन किंवा दक्षिण आफ्रिकेचं नागरिक असेल, तर मुंबईच्या निकालातली भिंत समोर येते. इथे दत्तक घेणाऱ्याला खरोखरच परदेशी जावं लागतं, आणि तेही सगळ्यात शेवटी. २९ मे १९९३ च्या हेग कराराने देशादेशांमधल्या दत्तकाची पद्धत ठरवली. भारताने तो ६ जून २००३ रोजी मान्य केला. ब्रिटन, दक्षिण आफ्रिका, अमेरिका हे देशही त्यात आहेत. करार असा की मूल देणारा देश आणि घेणारा देश, दोघांच्या प्राधिकरणांनी मूल हातात देण्याआधी एकमेकांना होकार कळवायचा. म्हणून भारतीय जोडप्याने आधी काराकडे जायचं. इथे समाजसेवक घरी येऊन घराचा अहवाल तयार करतो. तिकडून मुलाचा अहवाल आणि वैद्यकीय तपासणी येते. ते पाहून कारा मंजुरी देते. मग त्या देशाच्या कायद्याने, त्या देशात दत्तक पूर्ण होतो आणि तो कराराला धरून झाल्याचा दाखला मिळतो. मुलाच्या हातात परदेशी पासपोर्ट असतो, म्हणून तिथल्या भारतीय दूतावासातून त्याच्यासाठी प्रवेश व्हिसा घ्यायचा. दूतावासामार्फतच केंद्रीय गृहमंत्रालयाच्या परदेशी नागरिक विभागाची परवानगीही लागते. हे सगळं हातात आल्यावर परतीचं तिकीट.

आपल्याकडे क्रम उलटा असतो. तिकीट आधी, बाळ कडेवर, आणि कागद 'बघू पुढे'. जुलै २०२५ चा निकाल या 'बघू पुढे'वरच थांबला आहे.

तिसरी परिस्थिती त्याच रस्त्याच्या उलट दिशेची. मूल गावात आहे आणि ते वाढवणारी फुफी किंवा मामू परदेशात. इथे कायदा अधिकच कडक आहे. बाल न्याय कायद्याच्या ५६ व्या कलमानुसार वैध आदेशाशिवाय मूल परदेशी नेणं, पाठवणं किंवा तशी व्यवस्था करणं हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. परदेशातल्या नातेवाइकाला दत्तक द्यायचं असेल, तर ६० व्या कलमाखाली आधी आदेश घ्यायचा आणि मग काराचं ना-हरकत प्रमाणपत्र.

हे नियम इतके कडक का, हेही समजून घ्यायला हवं. भारतातली मुलं परदेशी दत्तक पाठवण्यात चाललेल्या गैरप्रकारांबद्दल लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं होतं. त्या पत्रालाच याचिका मानून न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी ६ फेब्रुवारी १९८४ रोजी निकाल दिला. पुढच्या सगळ्या नियमांचा पाया तो आहे. गरीब घरची मुलं विकली जाऊ नयेत, घरकामासाठी नेली जाऊ नयेत, म्हणून ही कुलपं बसवली गेली. कुलूप आपल्याच मुलांच्या रक्षणासाठी आहे. किल्लीसाठी मागणी जरूर करू, पण कुलूप तोडण्याची भाषा आपली नसावी.

आणि एक भ्रम दूर करू. शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन, नोटरीचा शिक्का मारून जे 'दत्तकपत्र' केलं जातं, त्याने मुसलमान घरात दत्तक होत नाही. १९५६ चा हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शिखांपुरता आहे. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, यहुदी यांच्यासाठी दत्तकाचा रस्ता एकच, बाल न्याय कायद्याचा. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली पालकत्व मिळतं, पण ते मूल १८ वर्षांचं झालं की संपतं, आणि त्याने मूल त्या घरचं वारस होत नाही. बाल न्याय कायद्याच्या ६३ व्या कलमाने मात्र दत्तक मूल आदेशाच्या तारखेपासून सर्व बाबतींत त्या आईबापांचं होतं, वारसासुद्धा.

आता तो प्रश्न, जो आपल्या घरात पहिल्यांदा विचारला जातो. मजहबात हे बसतं का?

या प्रश्नाने भारतीय मुसलमानांची चाळीसहून अधिक वर्षं घेतली. १९७२ साली सर्व धर्मीयांसाठी दत्तक विधेयक संसदेत आलं. मुस्लिम प्रतिनिधींच्या विरोधानंतर ते १९७८ मध्ये मागे घेतलं गेलं. १९८० साली ते पुन्हा आलं तेव्हा मुसलमानांना वगळूनच आलं. पुढे शबनम हाश्मी यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांनी वाढवलेल्या मुलीच्या त्या कायद्याच्या नजरेत फक्त पालक होत्या, आई नव्हत्या. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने न्यायालयात सांगितलं की इस्लाममध्ये दत्तक नाही, कफाला आहे. म्हणजे मुलाचा सांभाळ करायचा, पण वंश बदलायचा नाही. १९ फेब्रुवारी २०१४ रोजी न्यायालयाने निकाल दिला. बाल न्याय कायदा कुणावर सक्ती करत नाही, तो इच्छा असणाऱ्याला वाट देतो. ज्याला आपला धर्म आड येतो असं वाटतं त्याने दत्तक घेऊ नये. ज्याला घ्यायचं आहे त्याला कुठल्याही धर्माचा असला तरी घेता येईल. दत्तक हा मूलभूत अधिकार आहे असं म्हणायला मात्र न्यायालयाने नकार दिला.

हा निकाल येऊन दहा वर्षं उलटून गेली, तरी आपल्या अनेक घरांत अजून 'मुसलमानाला दत्तक घेता येत नाही' हेच वाक्य ऐकू येतं. ते चुकीचं आहे.

धार्मिक आक्षेपाचा गाभा मी असा समजतो. सूरह अहजाबमध्ये जैद बिन हारिसा यांच्या संदर्भात सांगितलं आहे की मुलाला त्याच्या जन्मदात्या बापाच्या नावाने ओळखा. त्यामागे मुलाचं मूळ लपवू नका, त्याच्याशी खोटं बोलू नका, हा आग्रह आहे. मला त्यात मुलाच्या हक्काची बाजू दिसते. नात्यातल्या दत्तकात मूळ लपवण्याचा प्रश्नच येत नाही. मुलाला अम्मी कोण आणि खाला कोण हे ठाऊक असतं. ईदला दोघींच्या हातून ईदी घेतो तो. काराच्या नियमांतही दत्तक मुलाला आपल्या मुळाचा शोध घेण्याचा हक्क ठेवलेला आहे. यतीम आणि निराधार मुलाच्या मालाला हात लावू नका, त्याच्या हक्काची राखण करा, हा कुरआनचा आग्रह किती ठिकाणी येतो ते सांगायला नको. मग ज्या कागदाशिवाय त्या मुलाचा हक्क हवेत राहतो तो कागद करणं मजहबाच्या विरोधात कसं जाईल? ज्यांचं मन तरीही मानत नाही, त्यांनी किमान न्यायालयातून पालकत्व घ्यावं, हयातीत हिबा करून मालमत्तेचा वाटा मुलाच्या नावे द्यावा, वसीयतीत एक तृतीयांशापर्यंत त्याची सोय करावी. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात दत्तकाच्या बरोबरीने कफालाचाही उल्लेख आहे. पण कफाला म्हणजे जबाबदारी अंगावर घेणं. तोंडी शब्दावर मूल घरात ठेवून दिलं आणि त्याला कफाला म्हटलं, असं होत नाही.

सरकारकडेही आपलं मागणं आहे. परदेशी नागरिक असलेलं नात्यातलं मूल भारतात वर्षानुवर्षं राहत असेल, जन्मदाते संमती देत असतील, मुलाची इच्छा असेल, तर त्याच्यासाठी भारतात राहूनच दत्तक पूर्ण करण्याची तरतूद काराच्या नियमांत यायला हवी. दोन देशांच्या प्राधिकरणांचा होकार घ्या, चौकशी कडक करा, पण रस्ता ठेवा. आज सहा वर्षांच्या मुलाला सांगितलं जातंय की तुझ्या घरी राहायचं तर आधी तुझ्या नावावरच्या देशात जा. मुलाचं हित सर्वोच्च, हे तत्त्व कायद्याच्या पहिल्या पानावर आहे. ते या मुलापर्यंत पोहोचलेलं नाही. आणि अलिबागच्या कार्यालयाने ही माहिती मराठीत आणि उर्दूत, श्रीवर्धन-म्हसळ्याच्या तहसीलपर्यंत आणावी, ही मागणी तर उद्याही पूर्ण होऊ शकते.

काही काम आपलं आहे. आपल्या जमाती निकाहाचं रजिस्टर काटेकोर ठेवतात. मूल एका घरातून दुसऱ्या घरात जातं तेव्हा जमातीचे बुजुर्ग साक्षीला बसतातच. त्याच बैठकीत 'अलिबागला अर्ज कधी करताय?' हा एक प्रश्न विचारायची पद्धत पडली, तर अर्धं काम होईल. बाकीचं अर्धं तुम्हा तरुणांचं. घरातले ऑनलाइन अर्ज तुम्हीच भरता, पासपोर्टच्या तारखा तुमच्याच फोनमध्ये असतात. आपल्या घरात, शेजारात असं मूल असेल तर या आठवड्यात चार गोष्टी पाहा. त्याच्याकडे पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे, तो कधी संपतो, जन्मदाखल्यावर नावं कुणाची आहेत, आणि आज त्याच्या दवाखान्याच्या कागदावर कायद्याने सही कोण करू शकतो. चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'माहीत नाही' असेल, तर थांबू नका. पासपोर्ट परदेशी असेल तर मूळ पासपोर्ट चालू असतानाच वकिलाकडे जा. तो संपल्यावर प्रत्येक पायरी दुप्पट अवघड होते.

आणि घरात नव्याने बाळ आणायची बोलणी चालू असतील, तर मोठ्यांसमोर अदबीने पण स्पष्ट बोला. अब्बा, तिकीट नंतर काढू, आधी कागद करू. मोठी माणसं रागावतील, 'घरच्या मुलाला कसला कागद' म्हणतील. त्यांना सांगा, कागद आपल्यासाठी नाही. आपण नसू त्या दिवशी त्या मुलाला लागणार आहे.